‘कासव’ इतिहासाच्या तासाला : शांत सिनेमा साधन म्हणून कसा वाचायचा?

पेटची तयारी करणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. ‘इतिहास विभागात सिनेमावर पीएचडी करता येते का? की तो मास कम्युनिकेशनवाल्यांचा विषय?’ करता येते. पण सिनॉप्सिस मांडताना समितीतलं कुणीतरी विचारणारच, की सिनेमा तर रचलेला असतो, मग त्याला साधन कसं म्हणायचं? ऐतिहासिक सिनेमा घेतलात तर उत्तर त्यातल्या त्यात सोपं असतं. मोठ्या घटनेवरचा सिनेमा असेल तरी काहीतरी हाताशी लागतं. खरी पंचाईत होते ती शांत सिनेमाची. त्यात घटना जवळजवळ नसतातच. दोन-चार माणसं, त्यातलं एखादं तरुण, अस्वस्थ, कुठंच मन न लागणारं. थोडं बोलणं, बराचसा समुद्र. यातून इतिहासकाराने काय काढायचं?

या लेखात आपण एकच सिनेमा घेऊ. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढे तुम्हाला ते तपासता येईल. शांत सिनेमा काय घडलं हे सांगत नाही. एखाद्या काळात कुठली गोष्ट बोलता येऊ लागली होती, आणि कुठली अजून बोलता येत नव्हती, हे तो सांगतो. इतिहासासाठी ही माहिती लहान नाही. मात्र ती सिनेमातून आपोआप गळून पडत नाही. सिनेमाच्या शेजारी कायदा, जनगणना, रुग्णालय, गाव अशी दुसरी साधनं ठेवावी लागतात.

आधी गोष्ट, थोडक्यात

मानव नावाचा तरुण (आलोक राजवाडे) स्वतःला संपवण्याच्या प्रयत्नातून वाचलाय. तो रुग्णालयातून निघून जातो आणि तापाने फणफणलेल्या अवस्थेत जानकीला (इरावती हर्षे) सापडतो. जानकी कोकणात चालली आहे, समुद्री कासवांच्या संवर्धनाच्या कामाला मदत करायला. संसार मोडलेला, स्वतःही नैराश्यातून गेलेली. ती त्याला बरोबर घेऊन जाते. पुढचा सिनेमा बहुतेक समुद्रकाठच्या एका घरात आणि घराच्या आसपास घडतो. तिचा गाडीवान यदू (किशोर कदम), कासवांसाठी झटणारे दत्ताभाऊ (मोहन आगाशे) आणि परशू नावाचं गावातलं पोरगं, एवढीच काय ती माणसं. मानव स्वतःबद्दल काही सांगायला राजी नाही. आणि जानकी त्याच्या मागे लागत नाही.

हे ‘मागे न लागणं’ लक्षात ठेवा. आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला की पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात : नाव काय, गाव कुठलं, कुणाचा तू? मग लगेच एखादं नातं चिकटतं. बाई वयाने मोठी असेल तर ताई, मावशी, काकू. ‘कासव’मधलं नातं यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. ती त्याची आई नाही, डॉक्टर नाही, प्रेयसी नाही. नाव नसलेलं नातं सिनेमाभर चालू ठेवणं मराठी पडद्यावर तसं दुर्मीळ आहे. अभ्यासाची पहिली चिठ्ठी इथेच लावायची : या सिनेमात कोण काय विचारत नाही, याची यादी करा. संवाद उतरवून घेणं सगळेच करतात. न विचारलेले प्रश्न उतरवून घेतले, की सिनेमा कुठल्या रूढीशी भांडतोय ते दिसायला लागतं.

७ एप्रिल २०१७ : मोहात पाडणारी तारीख

आता दुसरी साधनं शेजारी ठेवू. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे सुवर्णकमळ, मिळालं. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची ती घोषणा ७ एप्रिल २०१७ रोजी झाली. त्याच दिवशी राष्ट्रपतींनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याला संमती दिली. आणि ७ एप्रिल हा तर जागतिक आरोग्य दिन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्या दिवसासाठी विषय निवडला होता नैराश्य.

एकाच तारखेला तीन गोष्टी! सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर हे टाकावं असं कुणालाही वाटेल. जरूर टाका, पण ‘म्हणून’ हा शब्द वापरण्याआधी थांबा. प्रत्येक गोष्टीचा मागचा प्रवास बघा. मानसिक आरोग्याचं विधेयक राज्यसभेत आलं ऑगस्ट २०१३मध्ये, तिथे मंजूर झालं ऑगस्ट २०१६मध्ये आणि लोकसभेत २७ मार्च २०१७ रोजी. त्याच्याही मागे आहे अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार. भारताने तो २००७ साली मान्य केला आणि मग आपले कायदे त्याच्याशी जुळवणं भाग पडलं. पुरस्काराची निवड परीक्षक मंडळाने वेगळ्याच खोलीत केली. आरोग्य संघटनेने विषय ठरवला तो जिनिव्हात. तिघांपैकी कुणीच कुणाला घडवलेलं नाही.

मग तारीख निरुपयोगी का? तसंही नाही. योगायोग हे कारण नसतं, पण तो प्रश्न मात्र उभा करू शकतो. तीन वेगळ्या दालनांमधली, एकमेकांना न ओळखणारी माणसं साधारण एकाच सुमाराला एकाच दुखण्याबद्दल उघड बोलायला तयार झाली, ती कशी? याचं उत्तर त्या एका दिवसात नाही, मागच्या दीडशे वर्षांत आहे. तेव्हा तारीख तळटीपेत ठेवायची आणि प्रश्न प्रकरणात न्यायचा.

गुन्ह्यापासून आजारापर्यंत

१८६० सालच्या भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद त्यात होती. म्हणजे जगायला नको झालेला माणूस वाचला, की त्याच्या खाटेशी डॉक्टरांच्या पाठोपाठ पोलीस उभे राहायचे. या कलमावर घाव घालणारा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला आहे. मुंबईतल्या एका मनोरुग्ण पोलीस कॉन्स्टेबलच्या प्रकरणात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली दुसऱ्या एका प्रकरणात तीच भूमिका घेतली, आणि १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती फिरवली. कलम परत जिवंत झालं.

२०१७च्या कायद्याने कलम ३०९ रद्द केलं नाही, पण त्याचा दात काढला. या कायद्याचं कलम ११५ असं सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. उलट तिची काळजी घेणं, तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. हा कायदा अमलात आला २९ मे २०१८ रोजी. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३०९ जसंच्या तसं उरलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच शिक्षा शिल्लक राहिली.

आता ‘कासव’कडे परत या. सिनेमा तयार झाला तेव्हा नवा कायदा अमलात नव्हता. म्हणजे मानव ज्या रुग्णालयातून निघून जातो, तिथे तो कायद्याच्या नजरेत निव्वळ रुग्ण नव्हता. तो पळतो कशापासून? सिनेमा कलमांची चर्चा करत नाही, तेव्हा ‘तो कायद्याच्या भीतीने पळाला’ असं लिहिणं चूक ठरेल. पण ‘त्या वर्षी अशा तरुणाला कायदा गुन्हेगार मानू शकत होता आणि सिनेमा त्याला फक्त थकलेला माणूस म्हणून दाखवतो’ हे लिहिता येतं. पहिलं वाक्य पात्राच्या मनात घुसतं. दुसरं दोन साधनं शेजारी ठेवून त्यांच्यातलं अंतर मोजतं. तुमचं काम दुसऱ्या प्रकारचं. व्हायवात टिकतं तेही दुसऱ्याच प्रकारचं वाक्य.

रत्नागिरीची भिंत

कायदा झाला, आता जागा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच : ठाणे, पुण्याजवळ येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं रत्नागिरीचं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचं. तेव्हा १८५८चा कायदा होता, मग १९१२चा आला, दोन्हींचा भर ‘वेड्या’ माणसाला ताब्यात कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, कुणाच्या हुकमाने सोडायचं यावर. १९२०च्या दशकात अशा संस्थांच्या पाट्या बदलल्या, ‘असायलम’चं ‘मेंटल हॉस्पिटल’ झालं. १९८७च्या कायद्याने भाषा आणखी सौम्य केली. बोलीभाषा मात्र मागेच राहिली. ‘ठाण्याला पाठवायला पाहिजे याला’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ हे टोमणे अजून ऐकू येतात.

कोकणावर काम करणाऱ्यांसाठी इथे एक व्यवहाराची सूचना. जुन्या कागदांत ‘नैराश्य’ हा शब्द शोधत बसाल तर हाती फारसं लागणार नाही, आणि ‘आपल्याकडे पूर्वी हे नव्हतंच’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. माणसं होती, शब्द वेगळे होते. ‘भ्रमिष्ट’, ‘डोक्यावर परिणाम’, ‘मन उडालं’, ‘खुळावला’, ‘बाहेरची बाधा’, ‘झपाटलं’. गावात याचा निवाडा डॉक्टरपेक्षा आधी देवळात व्हायचा, गाऱ्हाणं घालून, कौल लावून. शब्दांची अशी यादी आधी करा, ज्येष्ठ माणसांकडून ती वाढवून घ्या, मगच दप्तरखान्यात जा. स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळतानाही हीच यादी हाताशी ठेवा. एका रकान्यातल्या दोन ओळींच्या बातमीत, ‘विहिरीत पडून मृत्यू’ अशा वाक्यात, कधी कधी एक अख्खं न बोललेलं दुःख असतं. कधी ते खरोखरच अपघातही असतात. कुठलं काय, हे एका ओळीवरून ठरवायचं नाही.

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे यांचं नाव महत्त्वाचं ठरतं. १९४३ साली पुण्यात जन्मलेल्या भावे मुळात समाजकार्य आणि संशोधनातल्या. वस्तीतल्या बायकांवरच्या अभ्यासातून त्यांची पहिली फिल्म ‘बाई’ १९८५ साली निघाली. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’ असे सिनेमे आले. मनाच्या आणि मेंदूच्या आजारांवरचे त्यांचे तीन सिनेमे ओळीने बघा. २००४चा ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावर, त्यात अतुल कुलकर्णी. मग ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावर, त्यात मोहन आगाशे. आणि तिसरा ‘कासव’. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि ‘कासव’चे एक निर्मातेही. म्हणजे हा सिनेमा पडद्याबाहेरच्या वैद्यकीय आणि सामाजिक कामातून आलेला आहे. ही माहिती सिनेमाच्या ‘निर्मितीचा संदर्भ’ या शीर्षकाखाली जाईल.

तिन्हींमधला फरकही नोंदवण्याजोगा आहे. ‘देवराई’त आणि ‘अस्तु’त आजाराला ठळक नाव आहे आणि घरचे लोक त्याच्याशी झुंजताहेत. ‘कासव’मध्ये मानवची काळजी घेतात ती सगळी परकी माणसं. रुग्णालयाची भिंत नाही आणि घराचा उंबराही नाही, या दोन्हींच्या मधली एक तिसरी जागा सिनेमा सुचवतो. रत्नागिरीच्या त्या जुन्या भिंतीच्या इतिहासाशेजारी हा सिनेमा ठेवला, की ती तिसरी जागा किती नवी आहे ते कळतं.

प्रवासाची दिशा

आता माझ्या आवडीचा भाग. २०१७पर्यंत सुवर्णकमळ मिळालेले मराठी सिनेमे पाच : ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. यातल्या तिघांची नाळ कोकणाशी आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३चा ‘श्यामची आई’ साने गुरुजींच्या पुस्तकावरचा, आणि गुरुजींचं गाव पालगड, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ कोकणातल्या आजोबा-नातवाचा. तिसरा ‘कासव’.

या तिघांत माणसं कुठून कुठे जातात ते बघा. श्याम शिकण्यासाठी घर सोडतो. ‘श्वास’मधला आजोबा नातवाच्या डोळ्यांच्या कर्करोगावर इलाज करायला त्याला गावाकडून शहरातल्या रुग्णालयात आणतो. शिक्षण शहरात, औषध शहरात. ‘कासव’मध्ये बाण उलटा फिरतो. शहरातल्या रुग्णालयाने ज्याचं बरं होत नाही, तो कोकणात येतो.

हे वाचून ‘कोकणाची प्रतिमा बदलली’ असं लगेच लिहू नका. तीन सिनेमे म्हणजे नमुना नव्हे, आणि पुरस्काराने निवडलेले तीन तर नव्हेच. शेजारी जनगणना ठेवा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२, राज्याचा आकडा ९२९ असताना. हा आकडा मुलींच्या जन्माच्या स्वागताचा नाही, मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आहे. ब्रिटिश काळापासून मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणारा हा जिल्हा. चाकरमानी हा शब्द इथल्या प्रत्येक घरातला. २०११च्या आकड्यांतही बाण अजून मुंबईकडेच आहे.

मग सिनेमा खोटं सांगतो का? तो दुसऱ्याच कुणाचं तरी खरं सांगतो. ज्याला शहराने थकवलंय त्याच्यासाठी कोकण ही विसाव्याची जागा. पण रत्नागिरीतल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला विचारा. पदवी झाली, आंब्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, पुढे काय? त्याची अस्वस्थता समुद्राकडे बघून कमी होत नाही, कारण तो समुद्र त्याने जन्मापासून बघितलाय. लग्न जमत नाही, कारण मुलीकडच्यांना मुंबईतली खोली हवी. मुलीची कहाणी आणखी वेगळी : शिकलेली, घरात अडकलेली, बाहेर पडायचं तर बहुतेकदा लग्न हाच रस्ता. ‘कासव’मध्ये गावातली माणसं आहेत, प्रेमाने दाखवलेली आहेत. पण सिनेमाच्या मध्यभागी बसलेली अस्वस्थता शहरातून आलेल्यांची आहे. गावातल्या तरुणांच्या अस्वस्थतेला तिथे खुर्ची नाही. ही सिनेमातली उणीव म्हणून निकालात काढू नका, हीच तुमच्या संशोधनाची फट आहे. गाईड ज्याला ‘रिसर्च गॅप’ म्हणतात ती साहित्याच्या आढाव्यात शेवटी चिकटवायची ओळ नसते. ती अशी, दोन साधनं एकमेकांशी जुळत नाहीत तिथे असते.

पालगडशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे, ती जपून लिहायला हवी. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. ‘श्यामची आई’ पडद्यावर आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. महाराष्ट्राला मायेचा अर्थ शिकवणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, याबद्दल आपण किती कमी बोललो! कितीतरी परिचयांत ‘निधन झालं’ एवढ्यावर ती नोंद आटोपते. यात अनादर नाही, उलट आदरच आहे, पण त्या आदराला बोलायची भाषा सापडलेली नव्हती. पहिलं सुवर्णकमळ मिळवणाऱ्या मराठी सिनेमाच्या मागे ही शांतता आहे, आणि पाचव्याच्या तर ती मध्यभागीच आहे. या दोन टोकांमधली चौसष्ट वर्षं म्हणजे मराठी समाज या विषयावर बोलायला कसा शिकला याचा इतिहास. तो अजून नीट लिहायचा आहे.

कासवं खरी आहेत

सिनेमाचं नाव रूपक म्हणून सगळेच वाचतात : आत ओढून घेणारा प्राणी, कवच वगैरे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने रूपकाच्या आधी व्यवहार बघावा. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी किनाऱ्यावरची अंडी काढून नेली जायची, कुत्री-कोल्हीही घरटी उकरायची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे, पण रात्री किनाऱ्यावर कायदा गस्त घालत नाही, माणसं घालतात. वेळासच्या लोकांना बरोबर घेऊनच हे काम उभं राहिलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावकऱ्यांच्याच घरात उतरायला लागले आणि कासव वाचण्यात गावाचाही चार पैशांचा फायदा झाला.

पद्धत अशी. मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. मागे वळत नाही. कार्यकर्ते ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीवर पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. मग त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत. समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, आणि ती आपल्या पायांनी चालत जातात. राखण करायची, पण चालायचं काम त्यांचं त्यांना करू द्यायचं.

जानकी मानवच्या बाबतीत जे करते ते नेमकं हेच आहे. घरटं राखते, प्रश्न विचारत नाही, आणि पाण्यापर्यंत उचलून नेत नाही. म्हणजे सिनेमाने नुसता प्राणी उचललेला नाही, किनाऱ्यावर काम करणाऱ्यांची रीतच नात्याच्या रीतीसारखी वापरली आहे. हे माझं वाचन आहे, दिग्दर्शकांनी असं म्हटलंय असा दावा नाही. तुमच्या लिखाणातही हा भेद वाक्यावाक्याला दिसला पाहिजे. ‘सिनेमात दिसतं’, ‘दिग्दर्शक सांगतात’ आणि ‘मी असं वाचतो’ या तीन गोष्टी तीन वेगळ्या क्रियापदांनी लिहायच्या.

हाताशी ठेवायच्या गोष्टी

एखादा शांत सिनेमा घेऊन काम करणार असाल, तर एवढं करून बघा.

पहिलं, सिनेमा तीनदा बघा. एकदा प्रेक्षक म्हणून, वही बंद ठेवून. एकदा आवाज बंद करून, म्हणजे माणसं एकमेकांपासून किती अंतरावर बसतात ते दिसेल. आणि एकदा डोळे मिटून, फक्त ऐकत.

दुसरं, तारखांचा तक्ता करा. लेखन, चित्रीकरण, सेन्सॉर प्रमाणपत्र, पहिलं प्रदर्शन, पुरस्कार, चित्रपटगृह. सिनेमाचं ‘साल’ ही एक तारीख नसते. ‘कासव’ला पुरस्कार २०१६ या वर्षासाठी आहे, घोषणा २०१७ची. कायद्याशी तुलना करताना हा एका वर्षाचा फरक तुमचा अख्खा युक्तिवाद उलटा करू शकतो.

तिसरं, आकडे आणि सिनेमा एकमेकांना तपासायला वापरा, एकमेकांची सजावट करायला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांची कारणं रकान्यांत असतात. ‘कौटुंबिक समस्या’, ‘आजारपण’, ‘प्रेमप्रकरण’. प्रत्येक मृत्यू एका रकान्यात. हा रकाना भरतं कोण? पोलीस, घरच्यांच्या जबाबावरून, घाईत. सिनेमा दोन तास घेऊनही कारणाचा एक शब्द ठरवत नाही. दोन्ही साधनं अपुरी आहेत, पण त्यांचं अपुरेपण वेगवेगळ्या जातीचं आहे, आणि तेच लिहायचं असतं.

चौथं, मुलाखतींबद्दल. या विषयावर गावात जाऊन थेट विचारपूस करायला निघू नका. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या, समुपदेशक कोण हे आधी ठरवून ठेवा, आणि समोरच्याला मध्येच थांबता येईल याची खात्री द्या. लिहिताना मार्गाचे तपशील देऊ नका, नावं-गावं बदला, एकाच कारणावर बोट ठेवू नका. काही वेळा चांगल्या संशोधकालाही जानकीसारखं गप्प बसावं लागतं. माहिती थोडी कमी मिळेल. चालेल.

पाचवं आणि शेवटचं, स्वतःबद्दल. फेलोशिपचा हप्ता अडकलेला, घरचे लग्नाचं विचारताहेत, बरोबरीचे नोकरीला लागलेत आणि आपण तिसऱ्या प्रकरणाच्या चौथ्या मसुद्यावर. संशोधनाच्या तयारीतला तरुण माणूस हा या विषयाचा अभ्यासक असतो तसा विषयही असतो. अशा साधनांवर काम करताना मन जड होणं स्वाभाविक आहे, त्याची वेगळी वही ठेवा, मित्रांशी बोला. फारच कोंडी झाली तर टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. २०२२ साली ती सुरू झाली. पुढच्या कुणा इतिहासकाराला आपल्या काळाबद्दल लिहायचं झालं, तर कलम ११५, ‘कासव’ आणि हा पाच आकडी क्रमांक अशी तीन साधनं तो शेजारी शेजारी मांडेल. त्यांच्यात अंतर किती राहिलं, हे मात्र रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुलामुलींना विचारूनच त्याला ठरवावं लागेल. ते विचारणं आज जास्त सोपं आहे, तेव्हा पुढच्या इतिहासकाराची वाट न बघता तुमच्यापैकी कुणीतरी सुरुवात करा.